वहीतील नाव आणि फलकावरील नाव : धर्मादाय संस्थांची बदललेली करविवरणे



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तप, दान आणि स्वाध्याय या विषयांवर विद्वज्जनांची व्याख्याने होणे स्वाभाविकच आहे. त्या पंक्तीत प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसारखा रुक्ष विषय येऊन बसावा, हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु मंदिराचे शिखर, ज्ञानभांडारातील पोथ्या आणि धर्मशाळेची इमारत ही सर्व ज्या कागदी पायावर उभी असतात, तो पाया गेल्या पाच-सहा वर्षांत पूर्णपणे नव्याने घातला गेला आहे. त्याची जाण नसलेला विश्वस्त कितीही निःस्पृह असला, तरी संस्थेचे नुकसान करून बसू शकतो. यास्तव हा विषय.

पूर्वीचे चित्र अनेकांना आठवत असेल. वर्षभर पेढीवरील मुनीम पावत्या फाडीत, कीर्द-खतावणी लिहीत आणि मार्चनंतर ते सारे दप्तर सनदी लेखापालांच्या कार्यालयात पोहोचवीत. तेथे उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद तयार होई, दोन-तीन पानी लेखापरीक्षण अहवाल जोडला जाई, आणि विश्वस्तांनी सही केली की वर्ष संपे. जे राहून गेले ते लेखापाल सांभाळून घेत. आज मात्र लेखापाल मंडळी एकमुखाने सांगतात, की सांभाळून घेण्याची जागाच उरलेली नाही. कारण शासन जी माहिती मागते, ती दान हाती पडते त्या क्षणीच लिहिली गेली तर लिहिली जाते. दाता जिना उतरून गेल्यावर त्याचे नाव, पत्ता, स्थायी खाते क्रमांक आणि दानाचा हेतू सहा महिन्यांनी कोणताही लेखापाल निर्माण करू शकत नाही. थोडक्यात, हिशेबाचे खरे काम आता पेढीवरच्या पावतीपुस्तकाशी येऊन ठेपले आहे.

हे एका कायद्याने झाले नाही. २०२० च्या वित्त अधिनियमाने धर्मादाय संस्थांची पूर्वापार, आजन्म चालणारी नोंदणी संपुष्टात आणली आणि कलम १२-एबी खाली पाच-पाच वर्षांच्या मुदतीची नोंदणी आणली. २०२१ मध्ये कायम निधीचे नियम कडक झाले. २०२२ मध्ये खर्च प्रत्यक्ष अदा केल्याखेरीज तो झालेला धरावयाचा नाही असे ठरले, आणि त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी नियम १७-एए प्रसिद्ध होऊन कोणकोणत्या वह्या ठेवावयाच्या याची लांबलचक यादी आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये लेखापरीक्षणाचे नमुने १०-बी व १०-बीबी नव्या रूपात अवतरले. एकूण उत्पन्न पाच कोटींच्या वर, किंवा परदेशी देणगी, किंवा भारताबाहेर खर्च, यांपैकी काहीही असल्यास पहिला, अन्यथा दुसरा. आणि शेवटी १९६१ चा प्राप्तिकर कायदाच जाऊन त्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला.

या साऱ्यांतून समाजाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न प्रथम घेणे उचित होईल, तो म्हणजे गुप्तदान.

गुप्तदानाचा महिमा जैन समाजास नव्याने सांगावयास नको. उजव्या हाताने दिलेले डाव्यास कळू नये, ही भावना येथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. परंतु २००६ च्या वित्त अधिनियमाने कलम ११५-बीबीसी आणून निनावी देणग्यांवर तीस टक्के कर बसविला. हेतू असा की, काळा पैसा देणगीच्या रूपाने संस्थेत शिरून पांढरा होऊ नये. हेतूस कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र निनावी देणगी म्हणजे काय, याची कायद्यातील व्याख्या फार थोड्यांनी नीट वाचलेली असते. ज्या देणगीदाराचे नाव व पत्ता यांची नोंद संस्था ठेवीत नाही, ती देणगी निनावी. नाव संगमरवरी फलकावर कोरलेले आहे की नाही, पत्रिकेत छापले आहे की नाही, सभेत पुकारले की नाही, याच्याशी कायद्याला काहीही कर्तव्य नाही. वहीत नाव असले म्हणजे पुरे. दात्याने नाव जगापासून लपवावे, परंतु वहीपासून लपवू नये, इतकाच या कलमाचा अर्थ. दात्याचे पुण्य त्याने तसूभरही कमी होत नाही. असे असूनही "नाव नको, साहेब, गुप्त लिहा" म्हणताच पावतीवर नुसते "एक सद्गृहस्थ" लिहून मोकळे होणारी पेढी आजही आढळते. हा "सद्गृहस्थ" कर अधिकाऱ्यापुढे कोणीही नसतो.

याला अपवाद आहेत, आणि ते समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. केवळ धार्मिक कार्यासाठी असलेल्या संस्थेस, म्हणजे निव्वळ मंदिर वा उपाश्रय सांभाळणाऱ्या ट्रस्टला, हा कर लागू होत नाही. भंडारात पडणाऱ्या नाण्या-नोटांवर नाव कोण लिहिणार, हे कायदा करणाऱ्यांनाही उमगले होते. धार्मिक व धर्मादाय असे दोन्ही हेतू असलेल्या संस्थेसही सूट आहे; मात्र तिच्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी असे स्पष्ट सांगून दिलेली निनावी रक्कम त्या सुटीत बसत नाही. केवळ धर्मादाय संस्थेला, उदाहरणार्थ स्वतंत्र ट्रस्ट करून चालविलेल्या वस्तुसंग्रहालयाला, वर्षाच्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के अथवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढीच मोकळीक आहे. समजा, अशा संग्रहालयास वर्षात चाळीस लाखांच्या देणग्या आल्या आणि त्यांपैकी पाच लाख दारातील दानपेटीत, विनानाव पडले. पाच टक्क्यांनी दोन लाख सुटले. उरलेल्या तीन लाखांवर तीस टक्क्यांनी नव्वद हजार, शिवाय उपकर. हीच पेटी मंदिराच्या दारात असती तर एक पैसाही कर नव्हता. पेटी तीच, पैसे टाकणारा यात्रेकरूही बहुधा तोच. परंतु ती कोणत्या ट्रस्टच्या उंबरठ्यावर ठेवली आहे यावर सारे अवलंबून. ज्या संस्थांचे मंदिर व संग्रहालय एकाच आवारात पण निरनिराळ्या नोंदणीखाली आहेत, त्यांनी पेट्यांवर नावे स्वच्छ लिहावीत आणि त्यांतील रकमा एकत्र मोजू नयेत.

नव्या कायद्याच्या वेळी या प्रश्नाने चांगलेच डोके वर काढले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकात ही सूट केवळ निव्वळ धार्मिक संस्थांपुरतीच ठेवली होती. धार्मिक-धर्मादाय अशा मिश्र संस्था तीतून गळाल्या होत्या. देशातील बहुसंख्य जैन, तसेच इतर समाजांच्याही संस्था या मिश्र स्वरूपाच्याच असतात. मंदिराबरोबर पांजरपोळ, पाठशाळा, अन्नक्षेत्र, औषधालय हे ओघानेच येते. लोकसभेच्या प्रवर समितीने जुलै २०२५ च्या आपल्या अहवालात ही सूट पूर्ववत ठेवण्याची शिफारस केली, आणि ऑगस्टमध्ये मांडलेल्या सुधारित विधेयकात तसा बदल होऊन ते संमत झाले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. एवढी मोठी गोष्ट घडून गेली, तरी ज्यांच्यासाठी ती घडली त्यांपैकी किती जणांना तिची वार्ता होती, हा प्रश्न जरा बोचरा आहे.

आता दानाच्या हेतूविषयी. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया, साधारण ही खाती वेगवेगळी ठेवण्याची शिस्त या समाजात कोणत्याही प्राप्तिकर कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. देवद्रव्यातून साधारण खात्याचा खर्च करणारा दोषी ठरतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. त्यामुळे नव्या नमुन्यांत "कायम निधी", "विशिष्ट हेतूसाठी अनुदान", "इतर" असे रकाने पाहून अनेक विश्वस्तांना वाटते, की हे तर आपले जुनेच घर. येथेच गल्लत होते. शास्त्राने देवद्रव्य निराळे ठेवावयास सांगितले, म्हणून ते प्राप्तिकराच्या दृष्टीने कायम निधी होत नाही. कायम निधी होण्यासाठी दात्याचा तसा स्पष्ट निर्देश हवा, आणि तो लेखी असणे शहाणपणाचे. पावतीवर एक ओळ, खाली दात्याची सही, एवढेच काम. तो निर्देश नसेल तर ती रक्कम सामान्य देणगी ठरते, आणि तीपैकी पंचाऐंशी टक्के त्याच वर्षी हेतूवर खर्च होणे, किंवा विहित नमुन्यात हेतू लिहून पाच वर्षांपर्यंत साठविण्याची सूचना देणे आवश्यक ठरते. जीर्णोद्धारासाठी दहा-बारा वर्षे देवद्रव्य साठवीत राहण्याची मंदिरांची रीत या हिशेबात आपोआप बसत नाही. तो निधी निर्देशपत्रांच्या आधारे कायम निधी म्हणून राखावा लागतो, आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तो कायद्याने सांगितलेल्या ठेवींतच, इतर पैशांत न मिसळता ठेवावा लागतो. त्यातून काही खर्च केला तर तो त्या वर्षीच्या खर्चात धरला जात नाही. ती रक्कम पुन्हा निधीत भरली तरच, आणि २०२३ च्या दुरुस्तीनुसार पाच वर्षांच्या आत भरली तरच, ती हिशेबात येते.

याहून अधिक खटकणारी तरतूद त्याच २०२३ च्या अधिनियमाची आहे. एका संघाने दुसऱ्या गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धारास देवद्रव्यातून साहाय्य करणे, ही तर समाजाची गौरवास्पद परंपरा. परंतु २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीस दिलेल्या देणगीपैकी पंचाऐंशी टक्केच खर्च म्हणून धरावे असे ठरले. दहा लाख पाठविले तर साडेआठ लाखच खर्च. आणि हे साहाय्य "कायम निधीसाठी" असे लिहून दिले, तर २०१७ पासूनच्या नियमानुसार त्यातील काहीच खर्च म्हणून मान्य होत नाही. अशा वेळी सुचविला जाणारा मार्ग असा, की जेथे शक्य आहे तेथे रक्कम न पाठविता दगड, संगमरवर अथवा मजुरीचे बिल देणाऱ्या संस्थेने स्वतःच्या नावे घेऊन थेट चुकते करावे. अर्थात हे तिच्या घटनेतील हेतूंत बसते का, हे आधी पाहावे. घटनेची प्रत बहुतेक पेढ्यांत लोखंडी कपाटात असते. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, ते विचारावे लागते!

देणगीदाराला ज्या संस्थेची देणगी कलम ८०-जी खाली वजावटीस पात्र आहे, तिला आणखी एक काम वाढले. २०२१-२२ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत सर्व देणगीदारांची यादी नमुना १०-बीडी मध्ये भरावयाची आणि त्यावरून निघणारे १०-बीई प्रमाणपत्र दात्यास द्यावयाचे. यादीत नाव नसेल तर दात्यास वजावट नाही; मग त्याच्या हाती कितीही सुबक छापील पावती असो. विलंबास दिवसाला दोनशे रुपये शुल्क, शिवाय दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंडाची तरतूद. रोखीने दिलेली दोन हजारांवरील देणगी वजावटीस अपात्र आहे, आणि एका व्यक्तीकडून एका दिवशी, किंवा एकाच प्रसंगासाठी, दोन लाख वा अधिक रोख घेण्यास २०१७ पासून बंदीच आहे. पर्युषणातील चढावे बोलताना हा आकडा ध्यानी असलेला बरा. बोली भर सभेत बोलली जाते, रक्कम मात्र धनादेशाने यावी, हे बोलीच्या आधीच जाहीर करण्यात कोणाचाही अपमान होत नाही.

येथवर पैशांचे झाले. वस्तूंचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे आणि त्याकडे लक्ष सर्वांत कमी आहे.

अनेक संघांकडे ज्ञानभांडारे आहेत. ताडपत्रे, कागदी हस्तलिखिते, सचित्र कल्पसूत्राच्या प्रती, पट, धातुप्रतिमा, काष्ठशिल्पे. कारंजा लाड येथील जैन भांडारांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला केवढी सामग्री पुरविली, हे विद्वान जाणतात. काही ठिकाणी याच संग्रहांतून छोटी वस्तुसंग्रहालये उभी राहिली आहेत वा राहू पाहत आहेत. कायद्याची दृष्टी त्यांच्याविषयी प्रतिकूल नाही. कला वा इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या वास्तू व वस्तूंचे जतन हे २००९ पासून "धर्मादाय हेतू" या व्याख्येत स्वतंत्रपणे नमूद आहे. त्याचा लाभ असा, की इतर लोकोपयोगी कार्यांना जी व्यापारी उत्पन्नाची वीस टक्क्यांची मर्यादा लागते, तिच्या कचाट्यात तिकीट लावणारे संग्रहालय सापडत नाही.

प्रश्न उद्भवतो तो वस्तू कशी आली याच्या नोंदीचा. एखाद्या घराण्याने पणजोबांच्या वेळची सचित्र पोथी संघास अर्पण केली. घराण्यास वाटते, आता ८०-जी ची पावती मिळेल. ती मिळत नाही. ही वजावट केवळ पैशांच्या देणगीस आहे, वस्तूच्या नाही. १०-बीडी नमुन्यात "वस्तुरूप" असा रकाना असल्याने हा गैरसमज अधिकच पसरला. रकाना नोंदीसाठी आहे, वजावटीसाठी नव्हे. दात्यास हे आधीच नम्रपणे सांगावे. नंतर सांगितले तर संबंध बिघडतात. याउलट एक सोय फारशी कोणास ठाऊक नसते. कलाकृती, हस्तलिखित, चित्र वा पुराणवस्तूंचा संग्रह शासनास, विद्यापीठास, राष्ट्रीय संग्रहालयास, किंवा केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या सार्वजनिक संग्रहालयास विकला, तरी १९६१ च्या कायद्याच्या कलम ४७ नुसार त्यावर भांडवली नफ्याचा कर आकारला जात नसे. संग्रहालय अधिसूचित असणे ही त्यातील गोम. एरवी २००७ च्या वित्त अधिनियमाने चित्रे, शिल्पे व पुराणवस्तू "वैयक्तिक वापराच्या वस्तूं"तून काढल्यापासून त्यांच्या विक्रीचा नफा करपात्र झालेला आहे.

घेणाऱ्या संस्थेने काय लिहावे? नियम १७-एए संस्थेकडील जंगम मालमत्तेचे स्वरूप आणि तिची संपादन किंमत यांची नोंद मागतो. अर्पण आलेल्या पोथीची किंमत शून्य. म्हणून ती लिहावयाचीच नाही, असा सोयीस्कर अर्थ पुष्कळ ठिकाणी लावलेला दिसतो. कापडाच्या दुकानात नमुन्यादाखल फुकट आलेला तागा वहीत नसेल, तर वर्षअखेरीच्या मोजणीत तो तागा चोरीचा की खरेदीचा, हे कोणी सांगू शकत नाही. पोथीचे तसेच. किंमत शून्य लिहावी, पण पोथी लिहावी. कोणी दिली, कोणत्या तारखेस, कोणत्या निर्देशासह, पाने किती, चित्रे किती, छायाचित्र कोठे ठेवले आहे, हे सारे त्या ओळीत यावे. प्रदर्शनासाठी व अभ्यासासाठी ठेवलेली वस्तू आणि गुंतवणूक म्हणून पडून असलेली वस्तू यांतही जाणकार भेद करतात. देणगीत आलेले समभाग वा तत्सम मत्ता ठरावीक मुदतीत विकून मान्य ठेवींत आणाव्या लागतात; कपाटातील कल्पसूत्रास तो न्याय लागू नये, यासाठी ती वस्तू संग्रहाची म्हणून स्वीकारल्याचा विश्वस्त मंडळाचा ठराव असणे हितावह.

याच नोंदीचा दुसरा उपयोग आहे. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली शंभर वर्षांहून जुनी शिल्पे व चित्रे, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते, आणि मालकी बदलली तर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडील नोंदवहीत संस्थेची मालमत्ता नमूद असते. तीत बदल झाल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा असतो. म्हणजे एकच धातुप्रतिमा तीन कार्यालयांच्या कागदांत असते. तिन्ही ठिकाणी तिचे वर्णन निरनिराळे असले, तर प्रतिमा चोरीस गेल्यावर ती संस्थेचीच होती हे सिद्ध करणे दुरापास्त होते.

आणि आता जे सांगावयाचे, ते सर्वांत गंभीर. २०१६ च्या वित्त अधिनियमाने कलम ११५-टीडी आणले. धर्मादाय संस्थेची नोंदणी रद्द झाली, किंवा विसर्जनानंतर तिची मालमत्ता बारा महिन्यांत दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेस गेली नाही, तर तिच्या सर्व मालमत्तेची त्या दिवशीची बाजारभावाने किंमत काढावयाची, त्यातून देणी वजा करावयाची, आणि उरलेल्या रकमेवर कमाल दराने कर घ्यावयाचा. वर्षाच्या उत्पन्नावर नव्हे. आजवर साठलेल्या साऱ्या संपत्तीवर. २०२३ मध्ये यात भर पडली : नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत न केल्यासही हेच कलम लागू. कोणताही अपहार नको, गैरवापर नको. केवळ एक तारीख चुकली तरी पुरे.

याचा अर्थ एखाद्या संग्रहालयाच्या ट्रस्टने कल्पून पाहावा. इमारत व जागा तीन कोटींची, वस्तू बाजारात दोन कोटींच्या, देणी वीस लाखांची. चार कोटी ऐंशी लाखांवर कमाल दर, जो अधिभार-उपकरांसह एक तृतीयांशाहून अधिकच होतो. दीड कोटीहून अधिक कर, तोही विहित चौदा दिवसांत. संस्थेच्या बँक खात्यात असतात सात-आठ लाख. ज्या पोथ्या वहीत शून्य किमतीने लिहिल्या, किंवा लिहिल्याच नाहीत, त्यांचीही येथे बाजारभावाने मोजणी होते. ती वस्तू विकून कर भरावा, तर ती अर्पण करणाऱ्याच्या विश्वासाचा भंग. न विकावी, तर पैसा आणावयाचा कोठून? शिवाय नोंदणी गेल्यानंतर आलेली अर्पण वस्तूदेखील घेणाऱ्याचे उत्पन्न ठरण्याचा धोका राहतो, कारण त्यावरील सूट नोंदणीकृत संस्थांनाच आहे.

२०२१ नंतर पुनर्नोंदणीचा अर्ज करण्याची मुदत शासनाने वारंवार वाढविली. ३१ मार्च २०२२, मग २५ नोव्हेंबर २०२२, मग ३० सप्टेंबर २०२३ आणि अखेर ३० जून २०२४. या उदारतेने अनेकांची समजूत झाली की मुदत ही वाढण्यासाठीच असते. प्रत्यक्षात ज्या संस्थांना पाच वर्षांची पहिली नोंदणी मिळाली होती, तिची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करावयाचा होता. "संपण्याच्या सहा महिने आधी" हे शब्द प्रमाणपत्राच्या तळाशी असतात, आणि प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर उंच टांगलेले असते. ऑक्टोबर २०२४ पासून सबळ कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे, हा दिलासा खरा. परंतु तो मागण्याचा अधिकार आहे, मिळण्याचा नव्हे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने लहान संस्थांची ओझी थोडी हलकी केली : अर्जाच्या आधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचे उत्पन्न पाच कोटींच्या आत आहे, त्यांना पाचऐवजी दहा वर्षांची नोंदणी. बहुतेक गावपातळीवरील संघ यात बसतात. मात्र दहा वर्षांत विश्वस्त मंडळ दोन-तीनदा बदलते, मुनीम बदलतो, लेखापालही बदलतो, आणि तारीख कोणाच्याच ध्यानी राहत नाही. म्हणून मंडळ बदलताना जे सुपूर्द पत्र केले जाते, त्यात किल्ल्या व पासबुकांच्या आधी नोंदणीची अखेरची तारीख लिहावी, ही सूचना साधी असली तरी मोलाची आहे.

नव्या प्राप्तिकर अधिनियमाविषयी दोन शब्द. त्यात धर्मादाय संस्थांसंबंधीच्या विखुरलेल्या तरतुदी एका प्रकरणात, कलम ३३२ ते ३५५ मध्ये, एकत्र आणल्या आहेत आणि अशा संस्थेस "नोंदणीकृत ना-नफा संस्था" असे नाव दिले आहे. कलमांचे क्रमांक बदलले. गाभा पुष्कळसा तोच आहे. येथे जुने क्रमांक दिले ते एवढ्यासाठी, की पेढीवरची प्रमाणपत्रे व जुनी दप्तरे त्याच क्रमांकांची आहेत. पावतीपुस्तके मात्र छापण्यापूर्वी मजकूर लेखापालांना दाखवावा. पाच हजार पावत्या छापून झाल्यावर कलम चुकल्याचे कळणे, हा खर्च टाळता येण्यासारखा आहे.

वह्या संबंधित आकारणी वर्षापासून दहा वर्षे जपावयाच्या आहेत. वाळवी, पावसाळा आणि रद्दीवाला यांपासून त्या वाचविणे हे विश्वस्तांचेच काम. संग्रहाची नोंदवही मात्र दहा वर्षांनंतरही टाकावयाची नसते.

तिच्या मोजणीसाठी निराळा दिवस शोधण्याचेही कारण नाही. कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीला, भांडारातील ग्रंथ बाहेर काढून त्यांची धूळ झटकण्याची, बासने बदलण्याची आणि पूजन करण्याची परंपरा चालत आलेली आहे. ग्रंथ त्या दिवशी एवीतेवी हाती येतातच. पाठशाळेतील दोन मुलांनी नोंदवही घेऊन बसावे, एकाने बासनावरील क्रमांक वाचावा, दुसऱ्याने वहीत खूण करावी, आणि जी पोथी वहीत नाही तिला त्याच वेळी क्रमांक द्यावा. शेवटी उपस्थित विश्वस्तांनी तारखेसह सही करावी. लेखापरीक्षकांना मालमत्तेच्या पडताळणीचा जो कागद हवा असतो, तो हाच.